साडेसहा किलोंचं मचाण

शिरीषने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. पुण्यात असताना झुरळ निघालं की तो मला हाक मारायचा आणि मी चप्पल घेऊन धावायचे. अशा माणसाने जून ते सप्टेंबर असे चार महिने शिकारीचं मचाण निवडण्यात आणि त्यावर चढायला शिकण्यात घालवले, आणि मी, त्याची बायको, ते बघत बसले. तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता.

युट्रेख्टच्या ऑफिसातला त्याचा डच बॉस रूलोफ. त्याला हरणांच्या शिकारीचा नाद. दर दोन-तीन वर्षांनी ऑक्टोबरात तो टीममधल्या एकाला रानात बरोबर न्यायचा, आणि ज्याला नेलं तो पुढच्या वर्षी वर सरकायचा. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण अकरा वर्षांत शिरीषने चौघांना सरकताना पाहिलं होतं. त्यातल्या दोघांना कामही त्यानेच शिकवलं होतं. या वर्षअखेर टीम लीडची जागा रिकामी होणार होती. जूनमध्ये एका शुक्रवारी ऑफिसात सगळे बिअर घेऊन उभे असताना रूलोफ त्याला म्हणाला, "तूही ये की एकदा माझ्याबरोबर. फक्त स्वतःचं मचाण आण. हलकं बघ, चालावं खूप लागतं."

शिरीषच्या हातात तेव्हा सफरचंदाचा रस होता.

"शलाका, त्याने मला इन्व्हाइट केलं! या वर्षी माझा नंबर आहे," घरात पाऊल टाकताच तो म्हणाला. बूटही काढले नव्हते.

"तू बंदूक चालवणार?"

"छे गं. मी नुसता बसणार. गेस्ट म्हणून."

मग सुरू झाली एक्सेल शीट. हे मचाण म्हणजे शेतात बांधतात तसलं नव्हे. याचे दोन भाग. वरच्यावर बसायचं, खालच्यावर पाय अडकवायचे. बसून पायांनी खालचा भाग वर ओढायचा, मग उभं राहून हातांनी वरचा. असं करत सुरवंटासारखं झाडावर चढायचं. ॲल्युमिनियमचं की पोलादाचं, खोडाला साखळी की तार, चढताना आवाज किती, किती जाड खोडाला बसतं, घडी करून पाठीवर किती सपाट राहतं, या सगळ्याचे रकाने. आमचं लग्न ठरताना याने माझ्याबद्दल एवढी चौकशी केली नव्हती.

"चार किलोचं पण आहे," तो जेवताना सांगायचा, "पण त्याची सीट म्हणजे नुसती पट्टी. चार तास बसायचं म्हणजे पाय बधिर होणार. आणि नऊ किलोवालं कम्फर्टेबल, पण उचलून दमलो तर इम्प्रेशन काय पडेल?"

"पपा, यू आर व्हेजिटेरियन," मृण्मयी म्हणाली. आमची लेक चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर कधी मराठीत येत नाही.

शेवटी साडेसहा किलोंचं ठरलं. जर्मनीहून आलं. किंमत मी विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही, यावरून काय ते समजा.

आल्मेरेत आमच्या घरामागे कालव्याच्या कडेला पॉप्लरची सरळसोट झाडं आहेत. दर शनिवारी सकाळी शिरीष कमरेला पट्टे बांधून त्यातल्या एकावर चढायचा सराव करू लागला. पहिल्या दिवशी गुडघाभर चढला. शेजारची बाई बाहेर येऊन म्हणाली, झाडाची साल खराब होते, हे मी खेमेंतेला कळवीन. खेमेंते म्हणजे इथली नगरपालिका. तिचं नाव काढलं की शिरीष आधी माफी मागतो. तरी तो चढत राहिला. सप्टेंबरात एकदा पार दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर जाऊन बसला आणि वरून ओरडला, "शलाका, इथून आपलं अख्खं छप्पर दिसतं!"

या सपाट देशात पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच कशावर तरी चढला होता. इतकं खूश मी त्याला मृण्मयी झाली तेव्हाच पाहिलं होतं. मला भरून आलं आणि त्याचा रागही आला. दोन्ही एकदम. मी हात हलवला.

ऑक्टोबर उजाडला. रूलोफ तारीख सांगेना, आणि शिरीष विचारेना. "बरं दिसत नाही," म्हणे. शेवटी एका गुरुवारी कॉफी घेताना त्याने मचाणाचा विषय काढला. रूलोफ म्हणाला, "खरंच घेतलंस? घेऊन ये, बघू दे." शुक्रवारी शिरीष ते पाठीवर बांधून ट्रेनने गेला.

संध्याकाळी परत आला तो मोकळ्या पाठीने.

"आवडलं का त्याला?"

"खूप. सगळ्यांना बोलावून दाखवलं. दोन बोटांवर उचललं." तो बूट काढत बसला. एका बुटाला केवढा वेळ लावला. "उद्या यास्परला घेऊन चाललाय. यास्परकडे मचाण नाही. म्हणाला, वीकेंडला देतोस का? मी ऑफ कोर्स म्हटलं."

यास्पर म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेला पोरगेलासा माणूस. त्यालाही शिरीषनेच शिकवलं.

"आणि तू?"

"मला तारीख कुठे दिली होती?" तो म्हणाला. "शिवाय मी मांस खात नाही, मला बघवणार नाही, असं त्याला वाटलं. माझा विचार करूनच त्याने..."

मी तिथून उठून गेले. फाटकाशी उभं राहून 'या एकदा घरी' म्हणणारी माणसं आम्ही. असं म्हणायचं, आणि कोणी यायचं नाही, हे आम्हाला जन्मतः कळतं. शिरीषने स्वतः शंभर जणांना म्हटलं असेल. तेच वाक्य दुसऱ्या भाषेत ऐकलं आणि माणूस चार महिने खपून झाडावर चढला.

सोमवारी मचाण परत आलं. सीटच्या कापडावर वाळलेल्या रक्ताचा डाग होता. यास्पर सहा फूट चार इंच, त्याच्या मापाने सगळे पट्टे सैल केलेले. बरोबर कागदात गुंडाळलेला हरणाचा तुकडा, आभार म्हणून. मी कापड घासून धुतलं आणि पट्टे ओढून पुन्हा शिरीषच्या मापाचे केले. मांस कचऱ्यात टाकायला निघाले तर त्याने हात धरला.

"नको. रूलोफ विचारेल कसं लागलं."

"मग सांग छान होतं."

"मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये."

शनिवारी एका जुन्या कढईत मी ते शिजवलं, व्हिडिओ बघून, श्वास रोखून. आमच्या घरी असं कधी घडलं नव्हतं. शिरीषने चार तुकडे खाल्ले. प्रत्येक घासावर पाणी, औषधासारखं. डोळे भरले होते. मग म्हणाला, "मऊ आहे," आणि ते वाक्य डचमध्ये पाठ करायला लागला. मृण्मयी त्याचे उच्चार सुधारत होती. आधी हसत होती, मग हसायची थांबली.

सोमवारी रूलोफने विचारलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मेल आली: यास्पर टीम लीड. सगळ्यांच्या आधी अभिनंदनाचं उत्तर शिरीषचं गेलं, आणि त्यात शेवटी त्याने लिहिलं होतं, मचाण कधीही लागलं तर सांग.

यास्परने लगेच सांगितलं. शुक्रवारी सकाळी निघताना शिरीष दाराशी गुडघ्यावर बसला होता. मला वाटलं बुटाची नाडी बांधतोय. जवळ जाऊन पाहिलं, तर मी ओढलेले पट्टे तो एकेक करून सैल करत होता, यास्परच्या मापाला.