ओंडक्यावरून पडलेलं

सयाजीगंजच्या क्लासमध्ये परदेशी जाणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. आज उताऱ्यात ‘ऑफल’ शब्द आला. मी सांगितलं, “कापताना खाटकाच्या ओंडक्यावरून जे खाली पडायचं, ते ऑफ-फॉल. त्यावरून ऑफल. म्हणजे काळीज, गुर्दे, आतडी.”

वर्गभर ‘छी’ झालं. पुढच्या बाकावरच्या जिग्नाने गुजरातीत विचारलं, “मॅडम, आवुं कोण खाय?” असलं कोण खातं?

रविवारी निजामपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत खिडक्या लावून मी कलेजी शिजवली होती. आईचं रक्त कमी झालंय, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. वास वर घरमालकांकडे गेलाच. काल त्यांनी हात जोडले, “बेन, खोली सोडा.” पुन्हा तेच.

“मी खाते,” मी म्हणाले. “आता सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत मला खोली मिळेल?”