बीरगांवच्या शाळेतला माकूळ

मीटिंगमध्ये फर्मान निघालं, की या महिन्यात आठवीचं विज्ञान एका समुद्री प्राण्यावरून शिकवायचं. प्राणी आणायचा कुठून, ते कोणी बोललं नाही. समुद्र रायपूरजवळच्या बीरगांवपासून रात्रभराच्या गाडीवर.

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या क्षमानं मासळीबाजार पालथा घालून बर्फातला एक माकूळ, म्हणजे स्क्विड, मिळवला. घरी सासूबाई कुसुम दारातच आडव्या आल्या.

"हे घरच्या फ्रीजमधी नाही जाणार."

"आई, एका रातीचा तर सवाल हाये."

"मंग त्या राती तू बी बाहेर झोप."

माकूळ गच्चीवर थर्माकोलच्या डब्यात राहिला. सकाळी स्कूटीवर बर्फ वितळून क्षमाची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. वर्गात डबा उघडताच मुलांनी नाकं दाबली. वासामागोमाग मुख्याध्यापक धर्मपाल सरही आले.

"म्याडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

"सर, मीटिंगमधी तुम्हीच बोलले ना?"

"चार्ट लावाचा! खराखुरा आणाले कोणी सांगितलं? फेका आधी."

क्षमाला रडूच यायचं बाकी होतं. ती माकूळ ट्रेमध्ये टाकून तरातरा अंगणातल्या नळाकडे निघाली. मुलं मागे, सरही मागे. आता नालीत टाकायचं आणि उद्यापासून फळ्यावर व्याख्या लिहून द्यायच्या, बस.

"मैडम, इसके पैर सिर में क्यों हैं?" चेतनानं विचारलं. वर्षभर तोंड न उघडलेली पोट्टी.

क्षमा थांबली. क्षणभर तिला या प्रश्नाचाही रागच आला. मग "ये पैरों से नहीं चलता, देखो," म्हणत तिनं नळ सोडला, माकुळाच्या पिशवीसारख्या अंगात पाणी भरलं, कडा चिमटीत धरल्या आणि ट्रेमध्ये ठेवून दाबलं. डोक्याखालच्या नळीतून पिचकारी उडाली ती थेट सरांच्या बुटांवर. माकूळ हातातून सटकून मागे घसरला.

"पीछे गया!" पोरं ओरडली.

"काहून गेला?" चिडलेल्या क्षमाच्या तोंडून हिंदीऐवजी घरची भाषाच निघाली.

चेतना हळूच म्हणाली, "पानी आगे गया ना, इसलिए."

न्यूटनचा तो क्रिया-प्रतिक्रियेचा नियम क्षमानं आतापर्यंत किती वेळा घोकून घेतला होता!

सरांनी बूट झटकले. "अजून एकदा करा बरं," म्हणत खिशातून मोबाईल काढला. "फोटो वर पाठवा लागते. हसा जरा, म्याडम."

क्षमा हसली नाही. तिनं गळका ट्रे सरांच्याच हातात दिला.

"धरा. याले तीन हृदयं असतात. पोट्ट्यांनो, शोधा."