गुडघ्यावरचे मटार

आमच्या क्लॅगथॉर्प टाउनची फुटबॉल मॅच संपली की 'प्लाऊ' पबमधलं खिडकीजवळचं टेबल आमचं. गॉर्डन खाटीक, सिरिल हॅगेट आणि मी. मॅच नव्वद मिनिटांची, तिची चिरफाड तीन तासांची. जानेवारीत तर विचारूच नका. हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची खरेदी-विक्री त्या एका महिन्यात उरकते, आणि कोण येणार, कोण जाणार, या अफवांवरच आमची पोटं भरतात.

उसन्या खेळाडूंबद्दल गॉर्डनचं मत ठाम. मोठे क्लब आपली जास्तीची पोरं आमच्यासारख्यांना हंगामापुरती वापरायला देतात, मनात आलं की मध्येच परतही नेतात, ती म्हणे भाडेकरू. भाडेकरू कधी घराला रंग देतो का? आपण जिंकलो काय, बुडालो काय, त्याला परतच जायचंय. मी म्हणायचे, मग आपल्या घरच्या पोरांनी तरी काय दिवे लावलेत? आणि यावर आमची दीड तास जुंपायची.

सिरिल या वादात पडत नसे, कारण ती पोरं त्याच्याच मागच्या खोलीत राहायची. आमच्या क्लबाची रीतच आहे ती. हॉटेल परवडत नाही, मग चाहत्यांच्या घरी सोय. बायको एल्सी गेल्यापासून सिरिलकडं चौघं येऊन गेले. एकानंही जाताना धड निरोप घेतला नाही. आम्ही त्याच्या घराला धर्मशाळा म्हणायचो, तेही तोंडावर.

पाचवा रीस पॅजेट. वेल्सचा, तेवीस वर्षांचा, डाव्या बाजूनं वारं प्यायल्यासारखा पळायचा. हा वेगळा निघाला. सिरिलनं केलेली कांदा-कलेजी मुकाट खायचा. छपराची गळकी पन्हळ त्यानं दुरुस्त केली. एल्सीचा फोटो जिन्यात धूळ खात पडला होता, तो खिळा ठोकून भिंतीवर लावला. सिरिल पुन्हा रोज दाढी करायला लागला.

ख्रिसमसपर्यंत रीसनं नऊ गोल मारले आणि तिथंच माशी शिंकली. स्टँडमध्ये मातकट कोट घातलेला एक परका माणूस वहीत काही टिपताना दिसला. तो वरच्या लीगमधल्या क्लबाचा, हे गॉर्डनला कळलं. त्याला सगळं कळतं. रीसचा मूळ क्लब जानेवारीत त्याला परत बोलावणार आणि विकून मोकळा होणार. ऐकून सिरिलचं तोंड उतरलं, आणि आम्हाला चेव आला. गॉर्डन म्हणाला, पोरगी सासरी निघाली रे सिरिल, रुखवताचं बघ. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही.

"एकच उपाय आहे," मी म्हटलं. "त्याचा गुडघा गेलाय म्हणून सांग. लंगडं घोडं कोण विकत घेतंय?"

सगळं टेबल हसलं. सिरिल हसला नाही.

पुढच्या मंगळवारी तो गॉर्डनकडं वाकून हळूच म्हणाला की कुणाला सांगू नकोस, पण रीस रोज संध्याकाळी गोठवलेल्या मटारांचं पाकीट गुडघ्यावर ठेवून बसतो, गुडघा सुजतो त्याचा. गॉर्डनला 'कुणाला सांगू नकोस' म्हणणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, हे सिरिलला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. माझ्याकडं तो बघत नव्हता. मला काय ते कळलं. मी माझा ग्लास उचलला आणि प्यायले.

गॉर्डननं दुकानात चॉप्स तोलता तोलता ती बातमी वाटली. गुरुवारी ती गावच्या रेडिओवर आली. शनिवारी तो मातकट कोट आला नाही. मूळ क्लबानं रीसला बोलावून गुडघ्याचे एक्स-रे काढले, त्यात काही सापडलं नाही. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात, आणि असा माल कुणी घेत नाही. जानेवारी संपला. रीस राहिला. सिरिलनं मागच्या खोलीला फिकट निळा रंग दिला.

मग मटार सुरू झाले. आधी बाहेरगावच्या प्रेक्षकांनी फेकले. रीस कडेनं पळायला लागला की मुठी भरभरून मटार त्याच्या अंगावर. पुढच्या आठवड्यात आमच्याच लोकांनी फेकले, कारण आम्ही हरत होतो. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तो पळण्याआधी स्वतःच्या गुडघ्याकडं बघायला लागला. फेब्रुवारी ते मे, एक गोल. मेमध्ये मूळ क्लबानं त्याला नारळ दिला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तो पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी येऊन बसला. सगळ्यांसाठी बिअर आणली. म्हणाला, सगळं गाव हसलं, एकटे मिस्टर हॅगेट माझ्या बाजूनं राहिले. दुसरा क्लब मिळेपर्यंत इथंच राहणार, त्यांच्याकडं. सिरिलच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की माझं डोकंच फिरलं. पोराचं वाटोळं केलं आणि वर आरती ओवाळून घेतोय.

"मटारची गोष्ट गॉर्डनला कुणी सांगितली, ते विचार की," मी म्हटलं.

रीसनं गॉर्डनकडं पाहिलं. गॉर्डननं सिरिलकडं.

"तू राहावास म्हणून रे," सिरिल म्हणाला.

रीस खुर्ची सरकवून उठला. मग म्हणाला, "ते मटार आपण जेवणात खायचो, मिस्टर हॅगेट." भरलेला ग्लास तसाच ठेवून तो गेला. सिरिल घरी पोचला तेव्हा निळी खोली झाडून ठेवलेली होती आणि किल्ली एल्सीच्या फोटोखाली होती.

लंगड्या घोड्याची कल्पना माझी होती. सिरिलनं त्या दिवशी माझं नाव घेतलं नाही, अजूनही घेत नाही. गॉर्डननं मात्र सिरिलची करणी गावभर केली, त्यामुळं क्लब आता सिरिलकडं कुणाला पाठवत नाही.

तरी तो दर शनिवारी येतो. जाणार कुठं? आल्या आल्या विचारतो, रीसची काही खबर? आणि गॉर्डन दर वेळी नवी थाप मारतो. आधी माल्टा होतं, आता नॉर्वे. सात गोल मारले म्हणे. सिरिल मान हलवतो, डावा पाय होताच सोन्याचा, म्हणतो. तो संडासला गेला की टेबल पोट धरून हसतं.

यंदाच्या मार्चमध्ये मी शेजारच्या गावी बहिणीकडं होते. दार वाजलं. पार्सल घेऊन रीस उभा, कुरिअरच्या जाकिटात. मला ओळखलं त्यानं. माझी सही घेतली आणि दोन-दोन पायऱ्या सोडत खाली उतरून गेला. गुडघा ठणठणीत होता.

गेल्या शनिवारी गॉर्डन बिअर आणायला उठला तेव्हा सिरिल माझ्याकडं वळला.

"नॉर्वेचं खरं असेल का गं, डोरीन?"

"असेल की," मी म्हटलं. "गॉर्डनला सगळं कळतं."