वटवाघळांचे प्रायोजक

नाशिकच्या विज्ञान परिषदेसाठी रुचिकाचं पोस्टर निवडलं गेलं, पण ही बातमी तलासरीकडच्या तिच्या पाड्यावर कुणाला समजावून सांगणं महाकठीण होतं. ती डहाणूच्या कॉलेजात एमएस्सीला होती. वर्षभर चिकूच्या वाड्यांमध्ये जुन्या साड्या अंथरून ती वटवाघळांची विष्ठा गोळा करत होती. विष्ठेतल्या बियांवरून वटवाघळं काय खातात ते शोधायचं, हा तिचा अभ्यास. तिच्या आईला, सोनीबाईला, एवढंच दिसायचं की पोरगी सकाळी आंघोळ करून, वेणी घालून घाण वेचायला निघते.

"घरचं शेण काढ म्हटलं की नाकाला ओढणी लावते," ती शेजारणीला सांगायची.

कॉलेजने मात्र तिचं अभिनंदन केलं. टाळ्या वाजवून केलं, फळ्यावर नाव लिहून केलं, आणि तिने प्रवासखर्चाचं विचारलं तेव्हा पुन्हा एकदा केलं. नोंदणीची फी शिष्यवृत्तीतून भागली. राहायला नाशिकला शितल नावाच्या मैत्रिणीचं होस्टेल होतं. गाडी अडली ती पोस्टर छापण्यापाशी आणि एसटीच्या भाड्यापाशी.

तेव्हा सुदाममामा मदतीला धावला. मामा दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवायचा. ट्रॉफीपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळं दुसऱ्याच्या खिशातून काढण्यात त्याचा हातखंडा होता.

"पोस्टर म्हंजे बॅनरच ना? केवढा?"

"चार बाय तीन फूट."

"बस? एवढ्यात आमच्या उपाध्यक्षाचा गॉगल पण मावत नाय. विषय काय?"

"बॅट्स. म्हणजे वटवाघळं, त्यांचा आहार—"

पुढचं ऐकायला मामा होताच कुठे? त्याची मोटारसायकल वळणापार गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो विजयी मुद्रेने परतला. "तीन स्पॉन्सर! लक्ष्या चिकन सेंटर, मनिष मेन्स पार्लर, आणि काळ्या डीजे."

"त्यांना सांगितलंस काय तू?"

"खरं तेच. भाचीची नाशिकला बॅटची मोठी स्पर्धा हाय. मुलींचं क्रिकेट हल्ली जोरात चाललंय म्हणून लक्ष्या तर लगेच तयार झाला."

रुचिकाने कपाळावर हात मारला. फसवून घेतलेल्या पैशाने प्रवास करायला तिचं मन धजेना. मनिषला आणि काळ्याला तिने फोनवरच खरं सांगितलं. फोटो येणार आहे ना, मग काही का असेना, असं दोघांचंही म्हणणं पडलं. लक्ष्याच्या दुकानी मात्र ती स्वतः गेली. तो कोंबडी सोलत होता.

"लक्ष्यादादा, ते क्रिकेट नाही. वटवाघळं आहेत."

लक्ष्याचा सुरा थांबला.

"विकणार काय तू?"

"नाही हो. ती काय खातात, तेवढंच मी शोधते."

"मग हरकत नाय. मला वाटलं धंद्याला कॉम्पिटिशन आली. पण माझा फोटो मोठा पायजे, आणि मोबाइल नंबर ठळक."

नविनभाईंचं फ्लेक्सचं दुकान डहाणू रोडला स्टेशनबाहेर होतं. आयुष्यभर वाढदिवसाचे बॅनर बनवल्यामुळे त्यांना रिकामी जागा बघवत नसे. त्यांनी पहिला नमुना दाखवला तेव्हा रुचिका खुर्चीतून उठलीच. वर दोन सोनेरी बॅटी आडव्यातिडव्या, त्यांच्यामधून मागे ज्वाळा सोडत उडणारा एक चिकू, आणि कोपऱ्यात तिचा ओळखपत्रावरचा फोटो, मुकुट घातलेला.

"नविनभाई, हे काय?"

"तुम्हीच बॅट लिवलाय ना, बेन?"

बॅटी गेल्या, मुकुट गेला. ज्वाळांवर मात्र भाई अडून बसले. "आगीशिवाय उठाव नाय येत, बेन," ते कळवळून म्हणाले. शेवटी आलेखाच्या खांबांना सोनेरी रंग देऊ दिला, तेव्हा कुठे त्यांनी आग विझवली.

मग सोबत आलेला मामा पुढे सरसावला. "ही मेथड का काय हाय, ती जरा बारीक कर. लक्ष्याचा कान कापला जातोय."

"मामा, मेथडशिवाय पोस्टर कसं होईल?"

"आणि कानाशिवाय लक्ष्या कसा होईल?"

तोड निघाली. मेथड बारीक झाली, कान वाचला. खालच्या पट्टीत हात जोडलेला लक्ष्या, भांग पाडलेला मनिष आणि कानाला हेडफोन लावून स्पीकरला टेकलेला काळ्या असे तिघे झळकले. रुचिकाचा ईमेल काळ्याच्या स्पीकरमागे गेला, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नाशिकच्या हॉलमध्ये सगळी पोस्टरं पांढरीफटक, सभ्य, वर फिकट निळी पट्टी. त्यांच्यात रुचिकाचं पोस्टर हळदीच्या मांडवासारखं झगमगत होतं. जो तो तिच्याकडेच वळायला लागला. तिला धरणी दुभंगावी असं वाटत असतानाच एक वयस्कर परीक्षक समोर येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे तिघे कोण?"

शेजारच्या पोस्टरवर तळाशी सरकारी खात्यांची बोधचिन्हं होती. रुचिकाने तिकडे एक नजर टाकली.

"सर, फंडिंग एजन्सी."

"तीन-तीन! आमच्या विभागाला अजून एक मिळाली नाही." सर काळ्याकडे वाकले. "आणि हे हेडफोनवाले?"

"ते सर... ध्वनीचं बघतात."

"उत्तम! वटवाघळांच्या अभ्यासात ध्वनी फार महत्त्वाचा."

मग त्यांनी खरे प्रश्न विचारले आणि रुचिकाची भीड कुठच्या कुठे पळाली. उंबराच्या बिया जास्त का, चिकू त्यांनी किती खाल्ला, कुठल्या महिन्यात खाल्ला, सगळं ती धडाधड सांगत गेली. सर मान डोलवत पुढे गेले.

ती जेवणाच्या रांगेत असताना लक्ष्याचा फोन आला.

"ताई, पोस्टरवरचा नंबर बघून कोल्हापूरचे कोण सर फोन करतात. सॅम्पल साइज विचारत होते. मी सांगितला, दीड किलोपासून पुढे, साफ करून थोडा कमी भरेल."

"अरे देवा! मग?"

"मग बोलले, जागा कुठली? मी बोललो, नाक्यावर, मोठ्या पिंपळाखाली. फार खूश झाले."

रुचिका ताट ठेवून धावली. पोस्टरचा फोटो काढून गेलेले ते प्राध्यापक चहापाशी सापडले. तिने हात जोडून खरा प्रकार सांगितला, आणि ते इतके हसले की कपातला चहा बशीत आला. हसून झाल्यावर त्यांनी बियांचं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "सुट्टीत आमच्याकडे ये. बिया ओळखायला चांगला सूक्ष्मदर्शक आहे, राहायची सोय आम्ही करू."

बक्षीस शेवाळावरच्या पोस्टरला गेलं. रुचिकाला त्याचं काहीच वाटलं नाही. होस्टेलवर पोचताच तिने फोनवर मामाला कोल्हापूरचं सांगितलं.

"झकास!" मामा म्हणाला. "पण रुचे, इकडं एक घोटाळा झालाय. लक्ष्या बाजारभर सांगत फिरतोय का त्याला प्रोफेसरचा फोन आला. मनिष रुसून बसलाय, त्याला एकपण नाय आला."

रुचिकाने शितलचा फोन मागून घेतला, घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत म्हणाली, "नमस्कार. मनिष सर का? मला वटवाघळांविषयी थोडी माहिती हवी होती."

पलीकडे कात्रीची कचकच थांबली.

"विचारा ना मॅडम," मनिष हरखून म्हणाला. "बसा, बसा."