खाडीकाठ झाडणारा खराटा

मी खराटा बोलतोय. नारळाच्या हिरांचा, मुठीला काथ्या गुंडाळलेला. नाटे गावाजवळच्या खाडीवर राहणाऱ्या हौसाने दोन हजार तीनच्या शिमग्यात मला बांधलं. हौसाचा हात नेटका. तिने झाडलेल्या खळ्यात भात सांडला तरी उचलून खावा.

त्या वर्षी खाडीत मोठी जेटी बांधायचं घाटत होतं. गावाला ती नको होती. आधी काठावर कोणती जनावरं राहतात ते बघून एक साहेब सरकारला अहवाल देणार होते. साहेबांना आपली पाणमांजरं दिसतील नि काम थांबेल, हीच सगळ्यांची आशा.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी हौसाचा दीर आप्पा आला.

"वहिनी, तो कातळ बघा ओ. पाणमांजरांनी हगून ठेवलंय. साहेब नावं ठेवतील गावाला."

"तुमच्यासारखीच ती. खाणार ती, नि आवरायचं मी," म्हणत हौसा मला घेऊन उतरली.

खवले, कुर्ल्यांची कवचं, वाळलेली लेंडं, सगळं मी पाण्यात लोटलं. वर तिने कळशीने कातळ धुतला. किती ऐटीत होतो मी तेव्हा! आठवलं की हीर न् हीर आखडतो.

साहेब भले होते. ओणवे होऊन त्यांनी सगळा काठ बघितला.

"पाणमांजर दिवसा कुठलं दिसायला? त्याची विष्ठा नि खवले हेच आम्ही शोधतो. इथे काहीच नाही."

हौसाचा चेहरा उतरला. "रोज येतात ओ ती. कालच मी झाडलं. पाहुणे यायचे म्हणून."

साहेब हसले नाहीत. "आजी, झाडून टाकलेलं मी कसं लिहू? पुन्हा येतो. तोवर हात लावू नका."

नाही लावला कोणी. पण साहेब परत आले तेव्हाही कातळ लख्खच. पाण्यासोबत त्यांच्या ओळखीचा वास गेला, नि त्यामागे पाणमांजरंही गेली. अहवालात काठ रिकामा लिहिला गेला. महिन्याभरात जेटीच्या आखणीच्या लाल खुंट्या ठोकल्या गेल्या.

आप्पा तेव्हापासून वहिनीच्या दारात येत नाही. हौसाने मला काठावर भिरकावलं. ती काठावर येते, पण माझ्याकडे बघत नाही. मीही मान वर करत नाही.

परवा पहाटे मात्र अंगावर काहीतरी ओलं पडलं. लेंडं. त्यात खवले, कुर्लीची नांगी.

जेटीचं काम अजून सुरू व्हायचंय. कोणीतरी हौसाला हाक मारा. साहेबांना घेऊन ये म्हणावं, नि मला झटकू नको.