आमच्याच पत्त्यावर

पेजर वाजला की माझा नवरा माझा राहत नाही. हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला ओळखलं. सगळे टेबलाभोवती बसलेले, लायलच्या हातात सुरी, समोर टर्की, आणि तेवढ्यात तळ्यापलीकडे कुणाच्या तरी धुराड्याने पेट घेतला. सुरी टर्कीतच राहिली आणि हा गेला. आमच्या गावात पगारी अग्निशमन दल नाही. ज्यांना हौस आहे त्यांच्याकडे पेजर असतो. तो वाजला की सुतार, मास्तर, दुकानदार सगळे हातातलं टाकून ठाण्यावर धावतात. आग असो, कुणाच्या छातीत कळ आलेली असो, नाहीतर बर्फावर घसरलेल्या आजीबाई असोत. एरवी लायल घरोघरी गॅसच्या टाक्या भरतो. पण बाजारात मला कुणी ना कुणी थांबवतंच, "त्या दिवशी लायल आला म्हणून निभावलं हो, कॅरिन." मी हसते आणि मनात म्हणते, तुमचं निभावलं, माझ्याकडचं जेवण गार झालं.

मार्चमध्ये शाळेत पोट बिघडण्याची साथ आली. आमची ब्रिटा तिसरीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिने ताटाकडे बघून तोंड फिरवलं तेव्हाच मी पॉपकॉर्नचं मोठं भांडं खाली काढलं. ओकायला आमच्याकडे तेच भांडं असतं, शेजारीपाजारीही तेच. पुढे सिनेमा बघताना त्याच भांड्यातून पॉपकॉर्न खाल्लं जातं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

शनिवारी सकाळपर्यंत पोरीच्या पोटात काही उरलं नव्हतं. लायल जिंजर एल, म्हणजे आल्याचा गोड सोडा, चमच्याने ढवळून त्यातला गॅस काढत बसला होता, म्हणजे तिला घोटघोट पाजता येईल. मी तिची तिसरी चादर वाळत टाकत होते. ब्रिटाला पुन्हा संडासला लागली म्हणून तो तिला न्हाणीघरात घेऊन गेला आणि दाराबाहेर पाठ करून उभा राहिला, कारण आठ वर्षांच्या मुलीला लाज असते.

"बाबा, कसंतरीच होतंय," आतून आवाज आला.

"बसून राहा, उठू नकोस," हा म्हणेपर्यंत ती उठली होती. तो आत वळला आणि ती त्याच्या हातात कोसळली.

मी धावत गेले. ब्रिटाचा चेहरा पिठासारखा पांढरा, डोळे वर गेलेले, ओठांना रंग नाही. एक हात दोन-तीनदा झटकल्यासारखा हलला. लायलने तिला छातीशी उभीच धरली होती आणि तो ओरडत होता, "ब्रिटा! ब्रिटा! कॅरिन, ती श्वास घेत नाहीये!" लेकीकडे बघून मी घाबरलेच, पण त्याच्याकडे बघून जास्त. या माणसाने लोकांच्या घरी काय काय पाहिलंय, आणि त्याला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तोच घाबरलाय म्हणजे संपलंच, असं मला वाटलं.

मी तातडीच्या मदतीसाठी नऊ-एक-एकला फोन लावला. पलीकडची बाई शांत होती. "तिला आडवं झोपवा. पाय वर उचला. छाती हलतेय का बघा."

"लायल, झोपव तिला! पाय वर कर!"

त्याने ब्रिटाला माझ्या मांडीवर दिलं आणि तिचे पाय टबाच्या काठावर ठेवले. छाती हलत होती. मी तसं फोनवर सांगत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फळीवर पेजर वाजला. आधी तो लांबलचक सूर, मग घोषणा: आठ वर्षांची मुलगी, बेशुद्ध, स्प्रूस स्ट्रीट. आमचंच घर.

लायल उठला आणि गेला.

दार आपटल्याचा आवाज आला, पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी न्हाणीघराच्या फरशीवर मांडीत पोर, कानाला फोन अशी बसून राहिले.

"बाई, तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का?" फोनवरून विचारलं.

"होता. नवरा होता. गेला."

"कुठे गेला?"

"आम्हाला वाचवणाऱ्यांना आणायला!" मी किंचाळले. तेरा वर्षांचा राग त्या एका वाक्यात होता. आगीला जा, अपघाताला जा, वाढदिवसातून ऊठ, मी काही बोलले नाही. पण आज? आजसुद्धा? मी ठरवून टाकलं की हे मी त्याला माफ करणार नाही. पोरगी उठली नाही तर कधीच नाही, आणि उठली तरी नाही.

ब्रिटाने डोळे उघडले. जरा वेळ तिने छताकडे पाहिलं. गालांवर हळूहळू रंग येत होता.

"मी पडले?"

"हो गं सोन्या. हलू नकोस."

"बाबा कुठेय?"

"पेजर वाजला."

"कोणाकडे?"

"आपल्याकडे."

तिने यावर विचार केला. "मग तो गेला कशाला?" फोनवरची बाई खोकली. ती हसत होती असा माझा आजही संशय आहे.

ठाण्यावर काय झालं ते मला नंतर डॉनेटने सांगितलं. डॉनेट शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि ती पण या दलात आहे. म्हणे लायल आतले लोकरी कपडे आणि बूट एवढ्यावरच आला, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि औषधांची बॅग उचलून गाडीत चढला. चीफ ऑर्डेलनी गाडी सुरू करता करता विचारलं, "कोणाचं घर रे?"

"आमचं," लायल म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बघवेना.

"मग तू इथे काय करतोयस, गाढवा?"

"माहीत नाही, चीफ."

सायरन कोपऱ्यावरून वळला, अंगणातल्या बर्फावर बूट वाजले, आणि दारावर टकटक झाली. आमच्या दाराला कुलूप नसतं. टकटक करणारा माझा नवरा होता.

"फायर डिपार्टमेंट! आत येतोय!"

"ये बाबा, ये," मी म्हणाले. "घर शोधायला त्रास नाही ना झाला?"

माझ्या टोमण्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. तो आत आला आणि मी पुढचं बोलायचं विसरले. अंगावर तो जाडजूड कोट, हातात बॅग, मागे ऑर्डेल आणि डॉनेट. पण घाई नाही. तो ब्रिटाजवळ गुडघ्यावर बसला, आणि इतक्या हळू, इतक्या सरळ आवाजात बोलला की माझाच ताण उतरला. "नमस्कार. मी लायल. आता तुझ्याजवळच आहे मी. तुझं नाव काय?"

"बाबा, तुला माहितीये."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ब्रिटा."

"छान. ब्रिटा, कुठे दुखतंय का?"

त्या चौकोनी न्हाणीघरात जे काही भिरभिरत होतं ते सगळं त्या आवाजाने जागेवर बसलं. त्याने तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा आकडा विसरला तेव्हा ऑर्डेलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लायल, मोजायचं डॉनेटकडे दे. तू उशाशी बस. ती जागा तुझी."

तो उशाशी गेला आणि तिचं डोकं त्याने दोन्ही तळव्यांत धरलं. डॉनेटने नाडी मोजली, रक्तदाब पाहिला, बोटाला टोचून साखर पाहिली. "अगं, पोट एवढं रिकामं केलंस, अंगात पाणी नाही, आणि झटकन उठलीस," ती ब्रिटाला म्हणाली. "सगळं रक्त पायात गेलं, डोक्याला काही मिळालंच नाही. आता पुढच्या वेळी बाबा बस म्हणाला की बसायचं. सोमवारी डाळीचं सूप आहे, पण तुला माफ."

"हार्ट?" लायलने विचारलं. हा प्रश्न तो इतका वेळ गिळून बसला होता.

"ठोके छान आहेत. अँब्युलन्सवाले ईसीजीची पट्टी काढतील, तेव्हा तूच बघ."

जिल्ह्याच्या गावाहून अँब्युलन्स आली, पट्टी निघाली, ती सरळ होती. तरीही मुलीला दवाखान्यात न्यावं, सलाईन द्यावं असं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा तपासलं आणि डॉनेट जे म्हणाली तेच जरा अवघड शब्दांत सांगितलं. एक बाटली संपेपर्यंत ब्रिटा पलंगावर बसून कार्टून बघत होती आणि नर्सला सांगत होती, "माझे बाबा मला वाचवायला फायर ट्रकमधून आले." लायल खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

आम्ही दुपारी घरी आलो तर पायरीवर तीन हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचे खोलगट ट्रे. फॉइल लावलेल्या, गरम टॉवेलात गुंडाळलेल्या, तिन्हींवर तेच तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचं आवरण. ज्या घरात कुणाला अन्नाकडे बघवत नाही त्या घरासाठी गावाने पाच माणसांचं जेवण तीनदा पाठवलं होतं. कुणीतरी न्हाणीघर पुसून, भांडं घासून गेलं होतं. कोण ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

"मला वरचा बटाटा हवाय," ब्रिटा म्हणाली.

जगात यापेक्षा गोड वाक्य मी ऐकलेलं नाही. तिने एक गोळा चावून चावून खाल्ला, थांबली, पोटावर हात ठेवून अंदाज घेतला, आणि दुसरा मागितला. मग कोचावर आडवी होऊन झोपली.

लायल तिच्या पायाशी बसून तिच्या पोटाचं वर-खाली होणं बघत होता. मी दोन कॉफ्या घेऊन आले.

"मी तिला टाकून पळालो," तो म्हणाला. "माझी पोरगी जमिनीवर पडलेली आणि मी पळालो, कॅरिन. सूर ऐकला आणि पाय निघाले. बोल काय बोलायचं ते."

बोलायला माझ्याकडे खूप होतं. दवाखान्याच्या वाटेवर मी ते सगळं मनात रचूनही ठेवलं होतं, थँक्सगिव्हिंगपासून. पण इतकी वर्षं मी या माणसाला फक्त दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं. तो कुणाच्या दारातून आत येताना कसा दिसतो, ते गावातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. मी आज पहिल्यांदा पाहिलं.

"लोकांकडे तू असा जातोस होय," मी म्हणाले.

"असा म्हणजे कसा?"

"आलास की बरं वाटतं, असा."

त्याने कप खाली ठेवला आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.