आत्या जिवंत आहे

"आत्या, तू मेली आहेस का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती आणि भोंगा पैजेला कधी नाही म्हणत नसे. शाळेत सगळे तिला भोंगाच म्हणत, कारण ती कुजबुजली तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. शाळेच्या कार्यक्रमात एकटीने गिटार वाजवून गायल्यापासून तर या बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आत्याने हातातली मेण कोरायची सुरी दिव्यावरून बाजूला घेतली. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवत जायची.

"मेले असते तर हे दात काय तुझ्या बापाने बसवले असते?"

"मग हे बघ."

फोनवर एक जुना फोटो होता. लांब वेणीची, गिटार घेतलेली मुलगी. खाली गाणं, आणि गाण्याखाली कोणीतरी लिहिलेलं: 'ही गायिका आता हयात नाही.' आत्याचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला.

"बंद कर ते."

"अगं, लाखो लोकांनी ऐकलंय! तू कधी बोलली नाहीस!"

बोलण्यासारखं काही नव्हतंच म्हणे. तरुणपणी तिने स्वतःची गाणी रचली होती. जात्यावरच्या गाण्यासारख्या चाली, त्यांना गिटारची साथ. एक कॅसेट निघाली. कोणी ऐकली नाही. गिटार माळ्यावर गेली आणि आत्या कवळ्यांकडे वळली.

भोंगाला राहवतंय होय! तिने त्या गाण्याखाली लिहून टाकलं, 'जिवंत आहे. माझी सख्खी आत्या आहे.' झालं, आग्या मोहोळावर दगड बसला. कार्यक्रम ठरवणाऱ्या एका माणसाने घराचा पत्ता काढला. आत्या नाही म्हणाली, परत नाही म्हणाली, मग कंटाळून "बघू" म्हणाली, आणि त्या एका 'बघू'वर त्याने पोस्टरं छापली.

तो आयोजक गाणं ऐकायला घरी आला. आत्याने माळ्यावरून काढलेली गिटार मांडीवर घेतली आणि गायली, 'दार उघडं ठेव गं, वारा तरी येईल.' भरदार, संथ, खोल आवाज. भोंगाच्या अंगावर काटा आला. आयोजक मात्र एकदा आत्याकडे, एकदा फोनकडे बघत होता.

"ताई, राग मानू नका. पण ते गाणं तुमचंच ना?"

आत्याने फोनवरचं गाणं अजून ऐकलंच नव्हतं, धीरच होत नव्हता. आता आयोजकाने ते लावलं. पातळ, चपळ, कोवळा आवाज खोलीभर फिरला. आत्याने गिटार खाली ठेवली.

"ही मी नाही," ती म्हणाली.

भोंगाने फोन हिसकावून घेतला. आपण साऱ्या जगाला छातीठोकपणे सांगितलं, आणि ही आत्या नाहीच? तिने घाईघाईने आपली गिटार त्या गाण्याला जुळवून बघितली. सूर कुठेच बसेना, दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत राहिला. मग तिला सुचलं. सरावासाठी ती गाणी हळू करून वाजवायची. तसंच तिने हे हळू केलं, पण पट्टीसकट. आवाज खाली उतरला, जड झाला, आणि आत्याने तोंडावर हात ठेवला.

"आता ही मी."

कोणीतरी जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर चढवताना वेगात पळवली होती. एवढंच. पण आयोजकाचा चेहरा उतरला तो उतरलाच.

"लोकांना तो पळता आवाजच आवडलाय, ताई. हा ऐकला तर म्हणतील, कुणीतरी तोतया बाई आणली."

भोंगाने नकळत वरच्या सुरात तीच ओळ गुणगुणली. आयोजक ताडकन वळला. "अरे, हाच की!"

असं ठरलं ते. भोंगा पडद्यामागे गाणार, आत्या पुढे बसून ओठ हलवणार. आश्चर्य म्हणजे आत्या लगेच हो म्हणाली. बाबा म्हणाले, "बरं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि भोंगा? ती हवेत होती. सभागृह भरून तिचा आवाज!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात तालीम झाली. पडद्याच्या फटीतून भोंगाला आत्याची एक बाजू दिसत होती. मध्येच भोंगाला खोकला आला, ती थांबली. आत्याचे ओठ मात्र हलतच राहिले. आवाज नाही, नुसते ओठ. मग तेही थांबले आणि आत्याने पडद्याकडे बघितलं. बुडणारं माणूस काठाकडे बघतं तसं.

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "आत्या, स्वतःच्या आवाजात गायची एवढी कसली भीती?"

"तेव्हा कोणी ऐकलंच नाही गं. म्हणजे कोणी नको असंही म्हटलं नाही. आता ऐकतील, आणि मग नको म्हणतील."

भोंगा मनात हिशेब करू लागली. आपण नाही म्हटलं आणि आत्या भर स्टेजवर कोसळली तर? लोक हसले तर? हे सगळं उकरून काढलं कोणी? आपणच. पण उद्या आपण गायलो, तर आत्याचा तो खोल आवाज कोणाच्याच कानावर पडणार नाही, आणि टाळ्या मात्र तिने घ्यायच्या, मान खाली घालून, मरेपर्यंत.

जेवताना आई भोंगाच्या उद्याच्या ड्रेसबद्दल बोलत होती. आत्या घास चिवडत होती. भोंगाने ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक निघाला. "मी उद्या पडद्यामागून गाणार नाही. आयोजकांना मघाशीच कळवलंय, ते ओरडले. आत्याने गायचं की घरी बसायचं, ते तिचं तिने ठरवावं, मी काही बोलणार नाही. पण ती गायला बसली, तर मी तिच्या शेजारी गिटार घेऊन बसणार. तिच्या पट्टीत. सगळ्यांसमोर."